दुचाकी, पाऊस आणि मुक्कामाची जागा

मोटारसायकलवरून लांबचा प्रवास, तोही ऐन पावसाळ्यात, आणि रात्री तंबूत मुक्काम असे म्हटले की माळशेज किंवा ताम्हिणीच्या धुक्यातून एकामागे एक जाणाऱ्या पुण्या-मुंबईकडच्या गाड्या डोळ्यांपुढे येतात. त्या सहलींवर लिहिण्याचा मला अधिकार नाही, कारण त्या मी केलेल्या नाहीत. मी जो प्रवास केला तो घरच्या शंभर सीसीच्या गाडीवरून. ही गाडी एरवी दुधाची आहे. वडील रोज पहाटे तिच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून अंबडला दूध घालतात. गेल्या आषाढात ती आठ दिवस माझ्या ताब्यात आली, त्याला कारण आमचे आबा, म्हणजे आजोबा.

आबा दरवर्षी पैठणच्या नाथांच्या पालखीबरोबर पायी पंढरपूरला जातात. यंदा पाटोद्याच्या पुढे त्यांचे गुडघे सुजले आणि दिंडीतून फोन आला की पोराला पाठवा. मी आणि माझा चुलतभाऊ निघालो. अंबड, वडीगोद्री, शहागडला गोदावरी, गेवराई, बीड, मांजरसुंब्याचा घाट, चौसाळा, भूम आणि परांडा असा रस्ता. परांड्याला आबा भेटले, पण माघारी यायला तयार होईनात. "आता पांडुरंग चार पावलांवर आहे, मी काय गाडीवर बसून जाऊ?" एवढेच म्हणाले. मग आम्हीच दिंडीच्या सामानाच्या ट्रकबरोबर पुढे पुढे जात राहिलो आणि रोज तंबू लावायला हात देऊ लागलो. पंढरपूरहून आबा एसटीने परतले, आम्ही दोघे गाडीवर. जाताना व येताना मिळून सहाशे किलोमीटरच्या आतबाहेर प्रवास झाला व त्यातला निम्मा तरी पावसात झाला. या आठ दिवसांत जे शिकलो व परतल्यावर प्राध्यापकांना आणि विज्ञान शाखेतील मित्रांना विचारून जे समजून घेतले, ते येथे मांडत आहे.

पहिली गोष्ट अशी की, आपल्या भागात पावसातल्या प्रवाशाचा खरा शत्रू आभाळातले पाणी नाही. जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. कोकणात एकट्या जुलै महिन्यात याहून अधिक पडतो, आणि तरीही तिथली माणसे दुचाकीवरून ये-जा करतात. फरक आहे तो पायाखालच्या जमिनीत. कोकणातला जांभा सच्छिद्र, पाणी खाली सोडणारा. आपली काळी माती पाणी धरून ठेवणारी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरांवर थर साचून दख्खनचा काळा पाषाण तयार झाला आणि त्याची झीज होऊन ही माती बनली, हे आपण भूगोलात शिकतो. पण ती चिकट का, हे पुस्तकात एका ओळीत उरकलेले असते. या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज पुष्कळ असते. त्याची रचना पोथीच्या पानांसारखी, अत्यंत पातळ पापुद्र्यांची. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरते, त्यांना एकमेकांपासून दूर सारते, आणि माती फुगते. उन्हाळ्यात ज्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो, ती भेग दोन-तीन मोठ्या पावसांत मिटते, ती अशी. फुगलेल्या मातीची वाट पुढे जवळजवळ बंद होते. वरचे पाणी मग तिथेच साचते, वरच्या दोन बोटांचा लगदा होतो, आणि तो बुटाला, बैलाच्या खुराला आणि टायरला सारख्याच प्रेमाने बिलगतो.

गाडीच्या बाबतीत हे प्रेम जीवघेणे ठरते. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये दोन-तीन बोटांची फट असते. पाणंदीच्या वाटेवर शंभर पावले गेलात की या फटीत चिखल दाटून बसतो, त्यात वाळलेले गवत मिसळले तर त्याचा अगदी गिलावा होतो आणि चाक फिरायचे थांबते. इंजिन ओरडते, गाडी हलत नाही. म्हणून आमच्याकडे मृग लागला की पुढचे मडगार्ड काढून माळ्यावर टाकणारे पुष्कळ आहेत. तोंडावर चिखल उडतो तो उडो, चाक तरी फिरते. शहरातल्या माणसाला ही गाडी मोडकी वाटते, पण ती मोडकी नाही, ती काळ्या रानासाठी तयार केलेली आहे.

याच कारणाने मी हलक्या गाडीच्या बाजूचा आहे. पूर्वी खेड्यात दूधवाल्यांची म्हणून राजदूत ओळखली जाई. १९८५ साली हिरो होंडाची सीडी १०० ही चार स्ट्रोकची गाडी आली आणि पुढे शंभर सीसीच्या गाड्यांनी खेडी भरून गेली. लांबच्या प्रवासाला बुलेटच हवी असे आमच्या वर्गात मानले जाते. डांबरावर ते खरेही असेल. परंतु बुलेटचे वजन दोनशे किलोच्या घरात जाते. ती काळ्या रानात रुतली तर दोघांच्याने निघत नाही. आमची गाडी एकशेदहा किलोंची. दोघांनी पुढून-मागून धरून ती दोनदा उचलून बांधावर ठेवली. अर्नेस्टो गव्हेरा, जो पुढे 'चे' म्हणून जगाला ठाऊक झाला, तो १९५२ साली आपल्या मित्राबरोबर पाचशे सीसीच्या जुन्या नॉर्टनवरून दक्षिण अमेरिका पाहायला निघाला होता. चिलीमध्ये ती गाडी कायमची बंद पडली व उरलेला बहुतेक खंड दोघांनी मिळेल त्या वाहनाने आणि पायी पाहिला. इतिहासाच्या दृष्टीने ते बरेच झाले असे म्हणतात. पण ज्याला नवव्या दिवशी दूध घालायला गाडी परत द्यायची आहे, त्याला इतिहास परवडत नाही.

डांबरी रस्त्यावर धोके वेगळे. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला आहे, पण त्यावर दुचाकीला बंदी आहे, म्हणून आपल्या वाट्याला जुनेच रस्ते. पुष्कळांचा समज असा की मुसळधार पावसात रस्ता सर्वांत निसरडा असतो. वस्तुतः तो सर्वांत निसरडा असतो तो पहिल्या पंधरा-वीस मिनिटांत. गाड्यांतून गळलेले तेल, धूळ, टायरचे घासलेले रबर यांचा रस्त्यावर थर बसलेला असतो. रिमझिम सुरू झाली की त्याचा पातळ लेप तयार होतो. पुढे पाऊस वाढला म्हणजे तो धुऊन निघतो. तेव्हा पहिले थेंब पडले की घाई न करता चहाच्या टपरीवर थांबावे, हा शहाणपणाचा भाग आहे, आळसाचा नव्हे.

टायरचा जो भाग रस्त्याला टेकलेला असतो तो साधारण हाताच्या तळव्याएवढा. दोन चाकांचे दोन तळवे, एवढ्यावर दोन माणसे आणि सामान उभे असते. ताशी ५० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळजवळ १४ मीटर जाते. चांगल्या कोरड्या डांबरावर, ब्रेक नीट लागला तर, या वेगातली गाडी बारा-तेरा मीटरांत उभी राहू शकते. ओल्या डांबरावर त्याला पंचवीसएक मीटर लागतात. शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर काळा चिखल आणून टाकला असेल तर पन्नास मीटरही पुरत नाहीत. शिवाय डोळ्यांनी पाहून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, म्हणजे आणखी १४ मीटर, निघून गेलेले असतात. हे गणित मला भौतिकशास्त्राच्या एका मित्राने करून दिले, आणि त्या दिवसापासून चुलतभावाने 'हळू चालव, हळू चालव' म्हणून मागून पाठीत घातलेल्या बुक्क्यांचा राग मी सोडून दिला. गाव आले, उसाचा किंवा कापसाचा मळा आला, की त्याच्या तोंडाशी रस्त्यावर चिखल असणारच हे धरून चालावे. पुलाच्या सांध्यावरची लोखंडी पट्टी, पांढरे रंगवलेले पट्टे आणि शेण यांवर गाडी सरळ न्यावी, तिथे वळू नये, तिथे ब्रेक दाबू नये.

ड्रमचे ब्रेक पाण्यात भिजले की काही वेळ लागतच नाहीत. पाण्यातून बाहेर आल्यावर चालत्या गाडीत हलकेच ब्रेक धरून ठेवला की घर्षणाच्या उष्णतेने ते वाळतात. चेनचे वंगण पावसाने धुऊन जाते, म्हणून रोज मुक्कामाला पोचल्यावर, गाडी गरम असतानाच, चेनला तेल सोडायचे. सामान खताच्या गोणीतल्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधले तर कपडे कोरडे राहतात. या कामासाठी बाजारात हजारो रुपयांच्या पिशव्या मिळतात असे ऐकले आहे. हेल्मेटच्या काचेला आतून साबणाचा हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसले की वाफ धरत नाही. एवढे या बाबतीत पुरे.

आता मुक्काम. इथे माझे गुरू दिंडीतले तंबूवाले मामा. चाळीसएक वर्षे ते तंबूच्या ट्रकबरोबर जातात. ट्रक मुक्कामाच्या गावी दुपारी पोचतो, दिंडी संध्याकाळी. त्या दोन-तीन तासांत जागा ठरवून तंबू उभे करायचे. जागा ठरवण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. ते शेतात चार ठिकाणी टाचेने खळगी करतात, प्रत्येक खळगीत तांब्याभर पाणी ओततात आणि तंबाखू मळत उभे राहतात. तंबाखू तोंडात जाईपर्यंत जिथले पाणी मुरले, तिथे तंबू. जिथले तसेच उभे, तिथे कितीही हिरवे, सपाट आणि गावाजवळ असो, नाही म्हणजे नाही. बहुधा पाणी मुरते ते मुरमाड माळावर. मुरूम म्हणजे पुरता न झिजलेला खडक. त्याचे खडे एकमेकांना चिकटत नाहीत, मधल्या फटींतून पाणी खाली जाते. काळ्या जमिनीला शेतकरी देव मानतो, पण झोपायला माळ बरा.

शेतकरी पाऊस थांबल्यावर वाफशाची वाट पाहतो. मूठभर माती दाबून गोळा करायचा, बोटाने टोकरायचे. भुगा झाला तर वाफसा आला, औत घालावे. बोटाला चिकटून आला तर अजून थांबावे. मामांनी मला दाखवले की हीच परीक्षा गाडीलाही लागू पडते. कच्च्या वाटेवर शिरण्याआधी खाली उतरून मातीचा गोळा करून पाहायचा. आम्ही हे एकदा केले नाही आणि भूमच्या पुढे दोन तास गाडी काठीने कोरीत बसलो.

तंबू लावण्यातल्या काही गोष्टी मला नवीन होत्या. तंबूभोवती वरच्या अंगाने चर खणायचा आणि त्याचे तोंड उताराकडे सोडायचे, हे सर्वांना माहीत असते. पण खाली अंथरायची ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर एक वीतही येऊ द्यायची नाही, हे बहुतेकांना माहीत नसते. ती बाहेर राहिली तर तंबूवरून ओघळलेले पाणी तिच्यावर पडते आणि तीच ते पाणी अंथरुणाखाली आणून सोडते. पहिल्या रात्री आमची तशीच निजानीज झाली होती. सुती कापडाचा तंबू भिजला की त्याचे धागे फुगतात आणि विणीतली छिद्रे बुजतात, म्हणून तो गळत नाही. मात्र आतून त्याला बोट किंवा डोके लागले की त्या जागी पाणी झिरपू लागते. सुताची किंवा तागाची दोरी भिजल्यावर आखडते, तेव्हा झोपताना ती थोडी सैल ठेवावी, नाही तर मध्यरात्री खुंटी उपटून येते. नायलॉनची दोरी उलट, ओली झाली की थोडी ताणते, म्हणून ती मध्यंतरी उठून घट्ट करावी लागते. दिंडीच्या एकाच तंबूला दोन्ही जातींच्या दोऱ्या होत्या व मामा रात्री उठून अंधारात हाताने चाचपून एक सोडीत, एक ओढीत. भिजलेल्या काळ्या मातीत खुंटी धरत नाही. तिथे दोरीला वीतभर लांबीचे दांडके आडवे बांधून ते हातभर खोल पुरायचे आणि वर दगड ठेवायचा. गाडीच्या बाजूच्या स्टँडखालीही चपटा दगड हवा, नाही तर सकाळी गाडी लोळलेली सापडते.

प्लॅस्टिकचा तंबू चारही बाजूंनी बंद करून झोपणाऱ्याला सकाळी वाटते की तंबू गळला. पुष्कळदा तो गळलेला नसतो. झोपलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभर वाफ निघते, ती गार प्लॅस्टिकला लागून तिचे पाणी होते आणि खाली ठिबकते. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची कड थोडी उघडी ठेवली की हे टळते. तसेच थंडीचे. पाणी हवेच्या चोवीस-पंचवीसपट उष्णता वाहून नेते, त्यामुळे ओल्या सदऱ्याने गाडीवर तासभर वारा खाल्लेला माणूस आषाढातही कुडकुडतो, त्याची बोटे ब्रेकवर नीट वळत नाहीत. आबांची घोंगडी ओली झाली तरी ऊब देत होती, माझे सुती पांघरूण देत नव्हते. लोकरीच्या धाग्यांत अडकून राहिलेली हवा हे त्याचे कारण. लोकरीला मेंढीच्या अंगचा ओशटपणा असतो, त्यावरून पाणी निथळून जाते, हे दुसरे. आबांना ही कारणे सांगितली तेव्हा ते म्हणाले, "मंग दोन वर्षं कॉलेजात जाऊन घोंगडीच शिकला व्हय?"

माळ झोपायला बरा असे वर लिहिले, पण त्यात एक खोट आहे आणि ती लपवणे योग्य नाही. माळ उंच असतो, उघडा असतो, आणि मराठवाड्यात विजा पडून दरवर्षी माणसे व जनावरे दगावतात. मोटारीत बसलेल्या माणसाला भोवतीच्या पत्र्याचे संरक्षण असते. वीज त्या पत्र्यावरून जमिनीत जाते. दुचाकीस्वाराला असे काही नाही. रबराची चाके वाचवतात ही समजूत चुकीची आहे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजावेत. दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरांच्या आत आहे, आणि मग शाळा, देऊळ, पक्के घर, जे जवळ असेल ते गाठावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. एकटे झाड हा आसरा नव्हे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप तयार केले आहे, त्यात आपल्या आसपास विजा पडत आहेत काय हे दिसते. मामांजवळ ते नव्हते. ते माळाच्या माथ्यावर कधीच तंबू ठोकीत नसत, माथ्याच्या खाली, उताराच्या खांद्यावर ठोकीत. पाण्यापासून वर आणि विजेपासून खाली, असा तो मधला पट्टा.

यानंतर पाण्याच्या वाटेची गोष्ट, आणि ती आम्हांवर अगदी घराजवळ येऊन गुदरली. परतीच्या दिवशी संध्याकाळी आम्ही अंबड सोडले. आमचे गाव मोठ्या रस्त्यापासून सात किलोमीटर आत आहे आणि गावाच्या अलीकडे दोन किलोमीटरवर ओढा लागतो. त्यावर नळकांडी पूल आहे. आमच्याकडे पाऊस नव्हता, आभाळ निम्मे उघडे होते. पण वरच्या अंगाला, डोंगराकडे, दुपारी कोसळला होता. गोदाकाठच्या गावांना हे चांगले ठाऊक आहे. जायकवाडीचे दरवाजे उघडले की शहागडच्या पुलाखाली पाणी चढते, तेव्हा तिथे ऊनही पडलेले असू शकते. २०२५ च्या सप्टेंबरातील अतिवृष्टीत मराठवाड्यात जे पूर आले, त्यांत कितीतरी गावांचे रस्ते असेच तुटले. पुढ्यातल्या पाण्याचा आपल्या डोक्यावरच्या आभाळाशी संबंध असतोच असे नाही.

पुलावरून पाणी वाहत होते. गढूळ, पण फार उसळणारे नाही. अलीकडे सात-आठ माणसे थांबली होती. चुलतभावाचे म्हणणे, गुडघाभर आहे, रोजचा रस्ता आहे, डोळे झाकून जाऊ. माझीही चुळबुळ चालली होती, कारण दुसऱ्या दिवशी पहाटे वडिलांना गाडी लागणार होती. आठ दिवस त्यांनी शेजाऱ्यांच्या गाडीवर पैसे देऊन दूध पाठवले होते आणि नवव्या दिवशी ती गाडी मिळणार नव्हती. घरी गाडी एकच. थांबलेल्यांत एक म्हातारे होते. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पाण्याच्या अगदी कडेला एक पांढरा गोटा ठेवला आणि बिडी पेटवली. बिडी संपेपर्यंत गोटा पाण्याखाली गेला होता. "चढतंय," एवढेच ते म्हणाले.

त्या संध्याकाळी आम्ही गोट्यावर विश्वास ठेवला. कारण मात्र मला नंतर कळले. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. सेकंदाला दोन मीटर हा वेग भराभर चालणाऱ्या माणसापेक्षा थोडासाच जास्त, पाहताना तो मुळीच भीतिदायक वाटत नाही. गुडघाभर पाण्यात गाडीची चाके, इंजिन, सायलेन्सर आणि दोघांचे पाय मिळून आडवे क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर धरले, तर या वेगाचे पाणी गाडीला बाजूने सुमारे शंभर किलो वजनाच्या जोराने ढकलते. वेग सेकंदाला तीन मीटर झाला तर सव्वादोनशे. त्याच वेळी गाडीचा जेवढा भाग बुडालेला आहे तेवढ्या पाण्याच्या वजनाने ती हलकी होते, हा आर्किमिडीजचा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो. म्हणजे ढकलणारा जोर वाढलेला, आणि जमिनीला धरून ठेवणारे वजन घटलेले, आणि खाली शेवाळलेला सिमेंटचा पृष्ठभाग. याशिवाय इंजिनात पाणी गेले तर ते हवेसारखे दाबले जात नाही, पिस्टन अडतो आणि आतला दांडा वाकतो. ते काम हजारांत जाते. हे सर्व त्या वेळी आम्हांला ठाऊक नव्हते. गोटा बुडाला, एवढे दिसले.

आम्ही मागे वळलो. अर्धा किलोमीटर मागे रस्त्याच्या डावीकडे मुरमाड माळ आहे, लहानपणी तिथे गुरे चारली आहेत. घर दिसत होते, म्हणजे गावातला देवळावरचा दिवा दिसत होता, आणि आम्ही घरापासून अडीच किलोमीटरवर ताडपत्रीचा पाल ठोकीत होतो. तांब्याभर पाणी ओतून पाहिले, लगेच मुरले. माथा सोडून खाली आलो. गाडीला एक दोरी बांधली, दुसरी दगडाला, चर खणला, ताडपत्रीची कड आत दुमडली. गाडीखाली चपटा दगड. शेंगदाणे आणि पंढरपूरचा प्रसाद खाल्ला. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, "बरं." रात्री पाऊस आलाच, चांगला तीन तास. अंथरूण कोरडे राहिले.

पहाटे उजाडता उजाडता ओढ्यावर गेलो. पाणी पुलाच्या खाली उतरले होते आणि म्हाताऱ्यांचा गोटा काठापासून हातभर वर, कोरडा. पलीकडच्या काठावर वडील दोन किटल्या घेऊन उभे होते. गावातून तिथवर त्यांनी त्या कावडीने आणल्या होत्या. पूल दिसू लागला तेव्हा कळले की त्याच्या खालच्या अंगाची, म्हणजे पाणी जिकडे उडी मारते त्या बाजूची, जवळजवळ निम्मी रुंदी शिल्लक नव्हती. पाणी फरशीवरून खाली पडते तिथली माती खरवडत नेते, पाया पोकळ होतो आणि वरची फरशी एके क्षणी बसते. रात्री ती केव्हा बसली कोणाला माहीत. गढूळ पाण्याखाली ती जागा वरून अगदी सपाट दिसली असती.

वडील हातातल्या काठीने एकेक पाऊल ठोकून पाहत वरच्या अंगाने पुलावरून आले. किटल्या आम्ही एकेक करून अलीकडे आणल्या. गाडी आधीच अंबडच्या बाजूला उभी होती, तिला ओढा ओलांडायचा नव्हता. वडिलांनी चेन हाताने हलवून पाहिली, तेल लागले बोटांना. मडगार्डमधला चिखल काठीने टोकरून काढला, किटल्या दोन्ही बाजूंना अडकवल्या. तिसऱ्या किकला गाडी चालू झाली आणि ते दूध घालायला निघून गेले. आम्ही ताडपत्री गुंडाळून पुलावरून पायी घरी आलो.